गाडीतला नवा क्लीनर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

ट्रकवरचा क्लीनर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. केळीचा ट्रक मागे घ्यायचा असला की तो खाली उडी मारतो, पत्र्यावर थाप देतो आणि ‘आन दे, आन दे’ करीत ट्रक बरोबर जागेवर लावतो. घाटात तो डावीकडच्या खिडकीतून मान बाहेर काढून साईडपट्टी बघतो. मध्यरात्री ड्रायव्हरला डुलकी येऊ लागली तर त्याच्याशी गप्पा मारतो, नाहीतर चहासाठी गाडी बाजूला घ्यायला लावतो. क्लीनर हुशार असला तर ड्रायव्हरचे ओझे निम्मे हलके होते. मात्र स्टेअरिंग त्याच्या हातात नसते, आणि काही बरेवाईट झाले तर पोलिस जबाब ड्रायव्हरचा आधी घेतात.

गेल्या पाच-सहा वर्षांत आपल्या मोटारींमध्येही असा एक क्लीनर येऊन बसला आहे. तो दिसत नाही, पगार मागत नाही, पण सारखा काहीतरी सांगत असतो. पट्टा सोडून गेलात तर स्टेअरिंग थरथरवतो. पुढची गाडी जवळ आली तर पडद्यावर लाल खूण दाखवून ओरडतो. तरीही तुम्ही ऐकले नाही तर स्वतःच ब्रेक दाबतो. शोरूममधले लोक याला ‘ॲडास’ म्हणतात. इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांचा संच, इतकाच त्याचा अर्थ. २०२० मध्ये एमजी ग्लॉस्टर आणि २०२१ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ७०० या मोठ्या गाड्यांतून तो आपल्याकडे लोकांना माहीत झाला. २०२३ मध्ये ह्युंदाई व्हेन्यूसारख्या लहान गाडीत आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये होंडा अमेझमध्येही. म्हणजे आता हा श्रीमंतांचा शौक उरलेला नाही. कापसाचे किंवा केळीचे पैसे हाती आले म्हणून जुनी गाडी बदलणाऱ्या शेतकऱ्याच्या दारातही तो पोचला आहे.

मी अनेक वर्षे आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. त्यामुळे ओळखीच्या माणसाने नवी गाडी घेतली की ती दाखवायला आणायची, अशी एक प्रथाच पडली आहे. रावेरकडचे एक केळी उत्पादक आप्पा असेच आले होते. पेढे हातावर ठेवत म्हणाले, “सर, ही गाडी स्वतःच चालते म्हणे. आता भुसावळहून धुळ्याला डोळे मिटून जायचं.” ते गमतीत बोलत होते, पण शोरूममध्ये त्यांना जे दाखवले गेले त्यावरून त्यांचा निम्मा विश्वास खरोखरच तसा बसला होता. आजचे बोलणे त्या निम्म्या विश्वासाबद्दल आहे.

आधी हा क्लीनर बघतो कसा ते समजून घेऊ. पुढच्या काचेच्या आत, आरशामागे एक कॅमेरा असतो. तो रस्त्यावरचे पांढरे-पिवळे पट्टे, गाड्यांचे आकार, माणसे ओळखतो. बऱ्याच गाड्यांत पुढच्या जाळीमागे किंवा बंपरच्या खालच्या भागात एक रडारही असते. ते रेडिओ लहरी सोडते, त्या पुढच्या वाहनावर आपटून परत येतात आणि त्यावरून अंतर नि वेग कळतो. आकाशवाणीचा कार्यक्रम ज्या जातीच्या लहरींवरून तुमच्यापर्यंत येतो आहे त्याच जातीच्या या लहरी, फक्त कितीतरी पट अधिक कंपनांच्या. काही लहान गाड्यांत रडार नसते, सगळे काम एकटा कॅमेराच करतो. आपल्या गाडीत काय आहे हे घेतानाच विचारून ठेवावे, कारण दोघांच्या खोडी वेगळ्या आहेत.

या सगळ्यातला सर्वांत जुना भाग म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणारा क्रूझ कंट्रोल. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. राल्फ टीटर नावाचा अमेरिकन अभियंता लहानपणीच्या अपघातात, वयाच्या पाचव्या वर्षी, आंधळा झाला. मोठेपणी त्याचा वकील त्याला गाडीतून नेत असे. बोलता बोलता या वकिलाचा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटायचा आणि गाडी हिसके खायची. डोळस माणसांच्या लक्षात न येणारे ते हिसके टीटरला नकोसे झाले. त्याने वेग स्थिर ठेवणारे साधन काढले, १९५० मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीने ते गाडीत बसवले. आज त्याला रडार जोडले गेले आहे. पुढची गाडी हळू झाली की आपली गाडी आपोआप हळू होते, ती पुढे गेली की पुन्हा वेग घेते. मोकळ्या चौपदरी रस्त्यावर या सोयीने पायाला आणि डोक्याला खराच आराम मिळतो. मी स्वतः ती वापरतो.

स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पातळ्या अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संघटनेने ठरवल्या आहेत. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या गाड्या फार तर दुसऱ्या पातळीच्या आहेत. दुसऱ्या पातळीचा अर्थ असा की स्टेअरिंग आणि ब्रेक या दोन्हींत गाडी हातभार लावील, पण नजर रस्त्यावर आणि हात चाकावर चालकाचेच हवेत. अमेरिकेत फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत चालकाविना टॅक्सी धावतात हे खरे. त्यांच्या अंगावर कितीतरी अधिक कॅमेरे आणि इतर साधने असतात, आणि त्या शहरांतल्या रस्त्यांचा बारीक नकाशा आधी तयार केलेला असतो. त्या टॅक्सीचे चित्रीकरण मोबाईलवर पाहून आपल्या गाडीत तसे करू जाणारे लोक आहेत. स्टेअरिंगला पाण्याची बाटली बांधून गाडीला ‘हात आहे’ असे फसवणारे महाभागही झाले. ज्याने क्लीनरच्या तोंडात बोळा कोंबला, त्याने मग क्लीनर ओरडला नाही अशी तक्रार करू नये.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. जळगावहून बांभोरीचा गिरणा पूल ओलांडून पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे करीत धुळ्याला जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग सहा, आताचा त्रेपन्न, आपल्या सर्वांच्या पायाखालचा आहे. या वाटेवर रात्री सर्वांत धोक्याची वस्तू कोणती, असे कुणी मला विचारले तर मी उत्तर देईन: उभा ट्रक. टायर फुटलेला, ॲक्सल तुटलेला किंवा ड्रायव्हर झोपलेला. मागचे दिवे बंद. मागे रेडियमची पट्टी असलीच तर चिखलाने माखलेली. आणि इशारा म्हणून रस्त्यावर काय? चार दगड आणि निंबाची एक फांदी. आपल्याला त्या फांदीचा अर्थ कळतो. फांदी दिसली की खानदेशातला कोणताही ड्रायव्हर न शिकवता वेग कमी करतो, कारण पुढे काय आहे ते त्याला ठाऊक असते. गाडीतल्या कॅमेऱ्याला फांदीचा अर्थ कुणी शिकवलेला नाही.

बरे, फांदी जाऊ द्या, ट्रक तरी दिसेल की नाही? इथे रडारची एक अडचण आहे. रस्त्यावर न हलणाऱ्या वस्तू असंख्य असतात: पुलाचे कठडे, दिशादर्शक फलक, दुभाजकाचे लोखंड. या प्रत्येकावरून लहरी परत येतात. प्रत्येक वेळी ब्रेक दाबायचा म्हटले तर गाडी चालणारच नाही. म्हणून स्थिर वस्तूंवरून येणाऱ्या पुष्कळशा संदेशांकडे यंत्रणा दुर्लक्ष करते आणि हलत्या वाहनांवर लक्ष ठेवते. कॅमेरा त्यात भर घालतो, आपोआप लागणारा ब्रेक कमी वेगात उभ्या गाडीसाठीही लागतो. पण ताशी ८०-१०० किलोमीटरच्या वेगात, अंधारात, दिवे नसलेल्या उभ्या ट्रकसाठी गाडी वेळेत थांबेलच अशी हमी कुठलीही कंपनी देत नाही. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट छापलेले असते. आणखी एक प्रकार असा: तुम्ही एका गाडीच्या मागे क्रूझवर चालला आहात. तिच्या चालकाला उभा ट्रक दिसतो आणि तो शेवटच्या क्षणी बाजू काढतो. तुमच्या गाडीला एकदम समोर मोकळा रस्ता ‘दिसतो’ आणि ती वेग वाढवायला लागते. पुढच्या दीड-दोन सेकंदांत जे करायचे ते तुमच्याच पायाला करायचे असते, आणि तो पाय त्या वेळी निवांत मांडी घालून बसलेला असला तर काय होईल ते सांगायला नको.

ट्रॉलीचेही तेच. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे निघालेल्या ट्रॉलीचा आकार बघा. चारी बाजूंनी फुगलेले ते पांढरे गाठोडे म्हणजे वाहन आहे हे ओळखायला माणसालासुद्धा क्षणभर लागतो. मागचा दिवा, असलाच तर, कापसाने झाकलेला. माझे स्पष्ट मत आहे की लाखभर रुपये जास्त देऊन घेतलेल्या या सोयींपेक्षा ट्रॉलीच्या मागे लावलेली हातभर रेडियमची पट्टी या रस्त्यावर अधिक जीव वाचवील. ज्यांच्याकडे गाडीही आहे आणि ट्रॉलीही, अशा शेतकरी बांधवांनी हे दोन्ही खर्च शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

माणसांचे काय? चैत्रात सप्तशृंगीच्या यात्रेला खानदेशातून हजारो भाविक पायी वणीला निघतात. उन्हामुळे ते रात्री आणि पहाटे चालतात. धुळ्याच्या पुढे मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने त्यांची रांग लागलेली असते. साक्रीकडचे ठेलारी बांधव मेंढ्यांचे कळप घेऊन रस्ता ओलांडतात. माणूस ओळखणारा कॅमेरा दिवसाउजेडी चांगले काम करतो. अंधारात, समोरून येणाऱ्या कंटेनरचे लखलखीत दिवे डोळ्यांवर असताना, तो आपल्याइतकाच दिपतो. मेंढी ओळखायला तर त्याला बहुधा शिकवलेलेच नसते. त्या दिवसांत त्या वाटेवर क्रूझ बंद ठेवणे आणि वेग साठच्या आत ठेवणे, एवढेच शहाणपण.

पट्टे पाहून गाडी सरळ ठेवणारी सोय तर पट्टे असतील तिथेच चालणार. आपल्या महामार्गाचे चौपदरीकरण तरसोद-चिखली आणि फागणे-तरसोद अशा टप्प्यांत कित्येक वर्षे चालले. वळणरस्ते, अर्धवट पुसलेले जुने पट्टे, त्यांवर मारलेले नवे पट्टे यांतून गाडी नेताना स्टेअरिंग हलकेच भलतीकडे ओढ घेते असा अनुभव अनेकांनी सांगितला. कारण उघड आहे: त्याने जुना पट्टा खरा मानला. काम चालू असलेल्या रस्त्यावर, गावातल्या आणि तालुक्याच्या रस्त्यांवर ही एक सोय बटण दाबून बंद करावी. आपोआप ब्रेक लावणारी सोय मात्र बंद करू नये. ती दचकवते, दुचाकीवाला आडवा घुसला की उगाच ब्रेक लावते आणि मागचा ट्रक अंगावर येईल अशी भीती वाटते, म्हणून लोक तीही बंद करून टाकतात. त्याऐवजी सेटिंगमध्ये जाऊन इशारा ‘लवकर’ ऐवजी ‘मध्यम’वर आणावा. सोय पूर्ण बंद करण्यापेक्षा हे बरे.

घाटात क्रूझ कंट्रोल वापरूच नये. लळिंगच्या उतारावर ठरवलेला वेग राखण्यासाठी गाडी सारखा ब्रेक लावत राहते आणि ब्रेक तापतात. खालचा गिअर टाकून इंजिनच्या जोरावर उतरणे ही जुनी विद्या नव्या गाडीलाही लागू आहे. ऑटोमॅटिक गाडीतही हाताने गिअर खाली घेण्याची सोय असते, ती आधी शिकून ठेवावी. जुलै २०२३ मध्ये शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना उडवत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला, ते आपण विसरलेलो नाही. आपल्या गाडीतली कुठलीही यंत्रणा मागून येणाऱ्याचे ब्रेक दुरुस्त करू शकत नाही. घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबायचे तर गाडी रस्त्यापासून चांगली आत लावावी.

आता निगेकडे वळतो, कारण क्लीनरचे डोळे साफ ठेवण्याचे काम मालकाचेच आहे. नवी गाडी आली की आपण पूजा करतो, करावीच. पण दसऱ्याला घातलेला झेंडूचा घसघशीत हार दिवाळीपर्यंत जाळीवर वाळत ठेवला, तर रडारच्या डोळ्यांवर तो पट्टी बांधतो. लिंबू-मिरचीचेही तसेच, ती बरोबर मध्यावर, कंपनीच्या चिन्हाखाली लोंबते आणि पुष्कळ गाड्यांत रडार नेमके तिथेच असते. पूजा झाली, फेरी मारून झाली की हार काढून घ्यावा, लिंबू-मिरची एका बाजूला सरकवावी. आरशाला लोंबणारे गोंडे, काचेच्या वरच्या भागात चिकटवलेले देवाचे किंवा संघटनेचे स्टिकर कॅमेऱ्याच्या आड येतात. ‘समोरचा सेन्सर झाकला गेला आहे’ असा इशारा घेऊन आलेल्या गाडीत मी प्रथम संगणक लावत नाही, हार बघतो. पुढे लोखंडी गार्ड बसवणाऱ्यांना तर काय सांगावे? अशा गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदीचे आदेश काढले आहेत. रडारला ते आडवे येते आणि धडक बसली तर एअरबॅगचे गणितही बिघडवते.

पावसाळ्यात आपली काळी माती. एकदा शेतातून गाडी आणली की बंपरवर चिकटलेला थर वाळून सिमेंटसारखा होतो. ओल्या मऊ फडक्याने तो काढावा. वॉशिंग सेंटरवर पाण्याचा जोरदार फवारा सेन्सरच्या अगदी जवळून मारू देऊ नये. बंपरला टेकले, खरचटले तर गल्लीतल्या डेंटिंगवाल्याकडून लांबी भरून घेण्याचा मोह होतो. ज्या बंपरमागे रडार आहे त्यावर लांबीचा नि रंगाचा जाड थर चढला की लहरी अडतात. तेवढा भाग बदललेला परवडतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढच्या काचेची. वाळूच्या डंपरमागून जाताना गिट्टीचा खडा उडाला आणि काच तडकली, हे आपल्याकडे रोजचे. काच बदलली की आरशामागचा कॅमेरा काढून पुन्हा बसवावा लागतो, आणि बसवल्यावर त्याचे माप जुळवून घ्यावे लागते. याला कॅलिब्रेशन म्हणतात. कॅमेरा केसभर जरी तिरका बसला तरी शंभर मीटरवर तो फरक हातभर, दोन हात होतो. आपल्या पट्ट्यातली गाडी त्याला शेजारच्या पट्ट्यात दिसू लागते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या ओळखीतल्या गाडीची काच एका मोठ्या शहरात बदलली गेली. काच उत्तम बसली, बिलही विम्यातून गेले, पण जुळवणी झालीच नाही. महिनाभर ती गाडी मोकळ्या रस्त्यावर दचकून ब्रेक मारत होती आणि मालक गाडीलाच शिव्या देत होते. म्हणून काच बदलताना आधी विचारावे: कॅलिब्रेशन तुम्ही करता का, त्याची नोंद कागदावर देता का, आणि विमा कंपनी त्याचे पैसे देते का? अपघातानंतर, पुढचा बंपर काढल्यानंतर किंवा सस्पेन्शनचे मोठे काम झाल्यावरही हाच प्रश्न विचारावा.

उन्हाचाही यात भाग आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. अशा उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत तापमान साठच्या घरात जाते, आणि काचेला चिकटून बसलेला कॅमेरा त्याहून तापतो. गाडी सुरू केल्यावर ‘कॅमेरा तात्पुरता बंद’ असा संदेश आला तर घाबरू नये, गॅरेजलाही धावू नये. एसी लावून काच थंड झाली की तो परत कामाला लागतो. तोवर मात्र क्लीनर जागेवर नाही हे ध्यानात ठेवावे. गाडीत शिरल्याबरोबर एसी पूर्ण जोरात सोडण्याऐवजी दोन मिनिटे काचा खाली करून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग आतली हवा फिरवण्याचे बटण दाबावे. लवकर गार होते. एसीचा फिल्टर आपल्या धुळीत कंपनीने सांगितलेल्या मुदतीआधीच भरतो. तो बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो आणि घरी काढून झटकता येतो. ऊन लागते म्हणून काळी फिल्म लावू नये. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला मनाई केली आहे. उन्हासाठी जाळीचे पडदे चालवून घ्यावेत, तेही गाडी उभी असताना. आणि लहान मुलाला ‘दोनच मिनिटांत येतो’ म्हणून बंद गाडीत ठेवणे हा आपल्या उन्हाळ्यात जिवाशी खेळ आहे.

आतल्या सोयींबद्दल एक गंमत सांगतो. हल्ली सीटमधून हवा खेळवणारी सोय मिळते. चामड्याला बारीक छिद्रे असतात आणि आत छोटा पंखा असतो. खानदेशासारख्या मुलखात ही चैन नसून गरज आहे, असे मी म्हणेन. पण त्या सीट खराब होऊ नयेत म्हणून मालक त्यांवर जाड कव्हर चढवतात. पंखा लावायचा आणि त्यावर गोधडी टाकायची, असला हा प्रकार. गंमत इथपर्यंतच ठीक. बऱ्याच गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्याच शिवणीतून बाहेर येते. बाजारातले घट्ट कव्हर तिला अडवू शकते. सीटच्या कडेला एअरबॅगची खूण असेल तर साधे कव्हर घालू नये. डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेली जड मूर्तीही तिथून हलवावी. एअरबॅग डोळ्याचे पाते लवण्याआधी उघडते आणि तिच्यापुढे असलेली वस्तू बंदुकीच्या गोळीसारखी सुटते.

छतावरच्या खिडकीला, म्हणजे सनरूफला, कोपऱ्यांत पाणी वाहून जाण्याच्या बारीक नळ्या असतात. वर्षभराच्या धुळीने त्या तुंबतात आणि मृगाच्या पहिल्या सरीला पाणी मालकाच्या डोक्यावर. मेअखेरीस त्या साफ करून घ्याव्यात. त्या खिडकीतून मुलांना उभे करून मिरवत नेऊ नये. गाडी जागच्या जागी थांबवण्यात नवे ब्रेक जुन्यांपेक्षा कितीतरी तरबेज आहेत, हे त्या मुलांच्या छातीला कळते.

मोठा पडदा ही दुसरी मोहाची वस्तू. पूर्वी एसीचे बटण हाताला न बघता सापडत असे. आता पंख्याचा जोर कमी करायला पडद्यावर तीन ठिकाणी बोट लावावे लागते. ताशी शंभरच्या वेगात गाडी दोन सेकंदांत ५५ मीटर जाते, तेवढा रस्ता आपण न बघता कापतो. जी सेटिंग लागणार ती निघण्याआधी करावी, नाहीतर शेजारी बसलेल्याला करू द्यावी. बोलून हुकूम देण्याची सोय असते. तिला हिंदी-इंग्रजी बरी कळते, पण ‘काच खाले कर रे भाऊ’ म्हटले तर ती गप्प बसते.

पट्ट्याचा इशारा वाजू नये म्हणून नुसतीच खोटी क्लिप अडकवून ठेवणारे लोक आहेत. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांना अशा क्लिप काढून टाकायला लावल्या, तेव्हा १३ हजारांहून अधिक जाहिराती निघाल्या. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी उत्तमातली होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे तपासात पुढे आले. ते दोघे गेले, पुढचे दोघे जबर जखमी होऊन वाचले. लग्नाला निघालेल्या आपल्या गाड्यांत मागे आजी, मावशी, दोन मुले असे चौघे-पाच जण दाटीवाटीने बसतात. आजींना पट्टा लावायला लाज वाटते, म्हणून तो त्यांच्या मांडीवरून आपणच ओढून लावावा.

टायर आणि बॅटरी या दोन जुन्या गोष्टींवर हा सगळा नवा संसार उभा आहे. टायरमधली हवा दाखवणारा दिवा हिवाळ्यात पहाटे लागला की लोक पंक्चरवाल्याकडे धावतात. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी पाच-सहा अंशांवर उतरतो. दुपारी तिशीच्या उन्हात भरलेली ३३ पौंड हवा त्या थंडीत चार पौंडांनी कमी भरते. आधीच जरा कमी असेल तर दिवा लागतो. उन्हाळ्यात उलट. म्हणून हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी बघावी आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच भरावी. पंपवाल्याच्या ‘पस्तीस टाकू का?’ला मान डोलवू नये. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. नक्षी शाबूत दिसली तरी फार जुना टायर आपल्या तापत्या रस्त्यावर भरवशाचा नाही. बॅटरीही उन्हाने लवकर थकते, आणि नव्या गाडीत ती थकली की डॅशबोर्डवर पाच-सहा दिवे एकदम लागतात, सगळे सेन्सर बिघडल्याचे वाटते. संगणक बदलायचा सल्ला मिळण्याआधी बॅटरीचे व्होल्टेज मोजून घ्यावे.

शेवटी जुन्या बाजारातून अशी गाडी घेणाऱ्यांसाठी. दोन-तीन वर्षे वापरलेल्या गाड्या आता विक्रीला येऊ लागल्या आहेत आणि त्यांतल्या काही अपघातातून उठून आलेल्या असतात. पुढच्या काचेच्या कोपऱ्यात कंपनीची खूण आणि वर्षाचा आकडा छापलेला असतो. तो बाकीच्या काचांशी जुळतो का पाहा. जुळत नसेल तर कॅलिब्रेशनचा कागद मागा. मग दिवसाउजेडी पांढरे पट्टे ठळक असलेल्या रस्त्यावर गाडी न्या. पट्ट्याची खूण पडद्यावर हिरवी होते का, पुढच्या गाडीचे चित्र दिसते का, ते शेजारी बसून बघा. सीटखाली किंवा पडद्याच्या मेनूत मॅन्युअल सापडेल. ते जाडजूड आणि इंग्रजीत असते, पण घरात दहावी-बारावीचे पोर असेल तर त्याच्याकडून ‘मर्यादा’ या मथळ्याखालची पाने वाचून घ्या. आप्पांच्या नातीने ती पाने वाचली. उभ्या वाहनाबद्दलचा परिच्छेद आला तेव्हा आप्पांनी तो तिला दुसऱ्यांदा वाचायला लावला, आणि परत जाताना पारोळ्यापर्यंत क्रूझचे बटण दाबले नाही, असे त्यांनी मला फोनवर सांगितले.